ऑक्टोबरची मोजणी

विहीर सहसा टेकाडावर नसते. दोन उतार मिळतात तिथे, ओढ्याच्या काठाला, काळी माती जिथे सगळ्यांत जाड साचते तिथे माणसं ती खोदतात. भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीत पहिल्या वर्षी मला हे भूशास्त्र म्हणून ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षापासून ते गाडीच्या चाकांतून कळायला लागलं. गाव कितीही उंचावर असो, विहिरीकडची वाट शेवटी शिवारातल्या सगळ्यांत वाईट चिखलात उतरते.

आमचं काम सांगायला सोपं. बीड जिल्ह्यातल्या ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजायच्या: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. कठड्यावर एक खूण केलेली असते. तिथून पोलादी टेप खाली सोडायचा. टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासलेला असतो. तो पाण्यात बुडवून वर काढला की ओल्या खडूची रेघ दिसते. टेपच्या लांबीतून भिजलेला भाग वजा करायचा, मग कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते मिळतं. जवळपास मोटार चालू आहे का हे आधी शेतकऱ्याला विचारायचं, कारण उपसा चालू असेल तर आकडा खोटा येतो. एका विहिरीला दहा मिनिटं लागतात. बाकीचा दिवस तिथे पोचण्यात जातो.

मे महिन्यात कुठलीही गाडी विहिरीपाशी जाते. जमिनीला रुंद भेगा असतात, पण ती टणक असते. ऑक्टोबरची गोष्ट निराळी. पावसाळ्यात जमिनीत मुरून किती पाणी आलं ते याच मोजणीत कळतं, पुढच्या उन्हाळ्याचे टंचाईचे अंदाज हिच्यावरच बांधले जातात. आणि नेमक्या याच महिन्यात परतीचा पाऊस काळ्या रानाचा लगदा करून ठेवतो. सगळ्यांत महत्त्वाचा आकडा सगळ्यांत अवघड जागी, सगळ्यांत अवघड महिन्यात. आमच्या त्या जीपची किंमत मला कळली ती या एका महिन्यामुळे.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम 540. आत्ताच्या गाड्यांशेजारी उभी केली तर खेळण्यासारखी दिसेल. पुढच्या आणि मागच्या आसामधलं अंतर 91 इंच, म्हणजे अडीच मीटरसुद्धा नाही. वर कॅनव्हासचा हूड, बाजूला पडदे, मागे समोरासमोर दोन बाकं. त्या बाकांच्या मधल्या जागेत आमचं रेझिस्टिव्हिटी मीटर, केबलची रिळं, चार पोलादी इलेक्ट्रोड, दोन हातोडे, बॅटरी, टेप आणि पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या. हिचं घराणं थेट दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचं. 1947 पासून सुटे भाग आणून मुंबईत त्या जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे इथेच बनू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा सांगाडा तोच राहिला: शिडीसारखी चासी, पुढे-मागे आसाचं सलग हाऊसिंग आणि चारही कोपऱ्यांना कमानपाटे. 540 मधलं नवं होतं ते इंजिन. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनणारं, एक्सडीपी 4.90 नावाचं डिझेल इंजिन. त्या नावातच त्याचं माप आहे: 4 सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. एकूण 2112 सीसी आणि ताकद 62 अश्वशक्ती. आज लहानशा पेट्रोल मोटारीलाही याहून जास्त असते.

आमच्या आधीच्या सहकाऱ्यांना पेट्रोल जीप होती. ओढ्यात बोनेटपर्यंत पाणी उडालं की तिचा डिस्ट्रिब्यूटर भिजायचा आणि गाडी मधोमध बंद पडायची, असं ते सांगत. डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा दाबून तापवायची आणि तीत डिझेलचा फवारा मारायचा, एवढ्यावर ते चालतं. एकदा सुरू झालं की विजेशी त्याचा संबंध जवळजवळ संपतो. आमची जीप बंद करायलाही डॅशबोर्डखालचा नॉब ओढून डिझेल तोडावं लागायचं. बॅटरी पूर्ण उतरलेली असताना पाटोद्याहून बीडपर्यंत आम्ही आलोय, उतारावर ढकलून सुरू करून, वाटेत एकदाही बंद न करता. मात्र डिझेलला दोन गोष्टींचा जाच असतो, थंडी आणि हवा. जानेवारीच्या मोजणीत पहाटे हीटर दिल्याशिवाय ते उठायचं नाही. आणि टाकी रिकामी होऊन नळीत एकदा एअर धरली, की फिल्टरचा बोल्ट ढिला करून, हातपंप दाबत, बुडबुडे थांबून निखळ डिझेल येईपर्यंत बसावं लागे. टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, हा आमच्या गाडीचा नियमच होता.

नियम सगळे मामांचे. मामा म्हणजे आमचे चालक. अंबाजोगाईकडच्या शेतकरी घरातले. मी रुजू झाले तेव्हा त्यांची बारा वर्षं नोकरी झालेली होती. ते मला मॅडम म्हणत आणि मी त्यांना मामा. गाडीत एक खाकी पिशवी असे. तिच्यात ग्रीसगन, पाना, यू बोल्टची जोडी, दोन क्रॉस, एक फॅनबेल्ट आणि सुतळीचा गुंडा. दर शनिवारी ते जीपखाली आडवे होऊन एकेक निपल पुसून ग्रीस भरत. जुनं काळं ग्रीस बाहेर आलं की बोटावर घेऊन चोळून बघत. त्यात पाणी लागलं तर सोमवारचा दौरा त्यांच्या दृष्टीने सुरूच होऊ शकत नसे.

फोर-व्हील म्हणजे काय हे मला मामांनी जमिनीवर काडीने रेघा ओढून समजावलं, आणि मग मी ते पुस्तकात ताडून पाहिलं. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे होते. एकाने पुढचं हाऊसिंग जोडलं जाई. दुसऱ्याने हाय किंवा लो निवडता येई, आणि लोमध्ये चाकांचा वेग सुमारे अडीचपट कमी होऊन तितकाच जोर वाढे. पण पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये डिफरन्शिअल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात, तरी दोघांना सारखंच फिरावं लागतं. मातीत चाक थोडं घसरतं आणि तो फरक जिरून जातो. डांबरावर मात्र घसरायला जागा नसते. मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि दांडा अडकून बसतो. तेव्हा थोडं मागे घेऊन तो पीळ सोडवायचा. मामा याला "गाडी रुसली" म्हणायचे, आणि डांबरावर फोर-व्हील लावून फिरणाऱ्या चालकाशी ते बोलतच नसत.

पुढच्या चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायचे हब होते. ते मोकळे असले की पुढची चाकं नुसती घरंगळतात. आतले शाफ्ट स्थिर राहतात, आवाज कमी होतो, झीज वाचते. लॉक केले तरच दांडा ओढल्याचा उपयोग. म्हणजे फोर-व्हील हवी असेल तर आधी खाली उतरून दोन्ही चाकांपाशी वाकावं लागे. नव्या गाडीत ही कटकट उरलेली नाही, बटण दाबलं की झालं. मला त्या वाकण्याचं महत्त्व वाटतं. मामांची पद्धत ठरलेली होती. डांबर सुटलं की थांबायचं, दोन्ही हब लॉक करायचे, उभं राहून पुढची वाट बघायची आणि मगच निघायचं. दांडा मात्र टू-व्हीलमध्येच. पहिल्या वर्षी मी विचारलं, हब लावलेत तर दांडाही आत्ताच का नाही ओढत?

"मॅडम, दोन चाकावर गाडी जिथं अडंल, तिथून चार चाकावर माघारी येती. चार चाकावर अडली तर मग कशानं काढायची?"

हे मला ऐकायला पटलं होतं. अंगात भिनायला केज तालुक्यातली एक विहीर लागली.

मांजरेला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठी ती होती. दोन दिवस पाऊस झालेला, त्या दिवशी उघडीप. माझ्या फिरतीच्या कार्यक्रमात तीन विहिरी उरल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी बैठक होती. मामा शिवेवरच थांबले. खाली उतरून त्यांनी मूठभर माती घेतली, दाबली, मूठ उघडली. मातीचा गोळा तसाच राहिला, बोटांचे ठसे त्यावर स्पष्ट. बोटाने टोचल्यावर तो फुटलाच नाही.

"वापसा न्हाई अजून," ते म्हणाले. "पायानं जाऊ. पाऊण किलोमीटर हाय."

वापसा शब्द मला माहीत होता. पेरणी-कुळवणीला जमीन जेव्हा योग्य ओलीची होते, औत चालतं पण माती चिकटत नाही, ती अवस्था. हा शब्द गाडीलाही लागू होतो हे मी त्या दिवशी ऐकून घेतलं नाही. काळी माती अशी का वागते हे मला शिकलेल्या शब्दांत सांगता आलं असतं: बेसाल्ट झिजून तयार झालेली ही माती, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर, तिच्या कणांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते, सुकली की आकसून भेगा पडतात. सगळं बरोबर. पण मी म्हणाले, आपल्याकडे फोर-व्हील आहे ना, लो लावा आणि चला. मी अधिकारी होते. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही दांडे ओढले.

गाडी छान गेली. खरंच छान गेली, दोनशे-तीनशे मीटर, एका लयीत, घरघरत. मला वाटलं, बघा. मग टायरांच्या खाचा मातीने भरल्या. काळ्या मातीत नेमकं हेच होतं. ती खाचेत घट्ट बसते, बाहेर फेकली जात नाही, आणि टायर गुळगुळीत रुळासारखा होऊन जातो. त्यानंतर चार चाकं फिरतात की दोन, याला फारसा अर्थ राहत नाही. चारही चाकांनी मिळून आम्ही जास्त खोल, जास्त आत जाऊन बसलो. हाऊसिंग मातीवर टेकलं. विहीर समोर दिसत होती.

तेव्हा मी खाली उतरून पाहिलं आणि आणखी एक गोष्ट समजली. चार चाकांची गाडी म्हणायचं, पण प्रत्येक आसावर डिफरन्शिअल आहे, आणि ते ताकद सोप्या बाजूला जाऊ देतं. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक गरागरा फिरत होतं. उरलेली दोन चाकं, ज्यांच्याखाली थोडी टणक जमीन होती, ती स्तब्ध. मामांनी ब्रेक किंचित दाबून धरत रेस दिली, म्हणजे फिरत्या चाकाला अडथळा होऊन थोडा जोर दुसरीकडे जातो. गाडी हलली, हातभर, आणि पुन्हा बसली.

पलीकडच्या रानातून एक शेतकरी आणि त्यांची दोन मुलं आली. कोणी आम्हाला बोललं नाही. त्यांनी फावडी आणली. गेल्या साली रचून ठेवलेल्या तुराट्यांच्या पेंढ्या आणल्या. मी बाभळीच्या फांद्या सुचवल्या तर धाकटा म्हणाला, "काट्यानं टायर जातील की." हाऊसिंगखालची माती उकरून काढायला दीड तास लागला. जॅकखाली दगड, दगडाखाली फळी, चाक उचलायचं, तुराट्या कोंबायच्या, दुसरं चाक. अंधार पडला. मामांनी टायरांच्या खाचांतली माती पान्याच्या टोकाने एकेक करून काढली, चारही चाकांची. मीही एक चाक काढलं. नखांत गेलेली ती माती तीन दिवस निघाली नाही.

पुढे जायचा प्रश्नच नव्हता. ज्या चाकोऱ्या करत आम्ही आलो होतो, त्यांतूनच उलटं जायचं, कारण तिथली माती एकदा दाबली गेली होती. लो, मागचा गिअर, रेस बेताची. मामा दरवाज्यातून निम्मे बाहेर वाकून मागे बघत होते आणि शेतकऱ्याचा मोठा मुलगा कंदील धरून चाकोरी दाखवत होता. आखूड गाडीचा फायदा तेव्हा समजला. लांब गाडी वाटेतल्या वळणावर चाकोरीबाहेर गेली असती. इंजिनाचा आवाज वाढलाच नाही. ते छोटं, संथ डिझेल चाकांखाली जोर लावत राहिलं आणि गाडी माणसाच्या चालीने मागे सरकत सरकत मुरमाच्या पट्ट्यावर आली.

मी सुटकेचा श्वास टाकून बसले. मामांनी गाडी बंद केली नाही. ते म्हणाले, "मॅडम, पाणी मोजायचं राहिलं."

आम्ही कंदील घेऊन चालत गेलो. पाऊण किलोमीटर, जसं त्यांनी दुपारी सांगितलं होतं तसंच. टेप खाली सोडला. पाणी जमिनीपासून 2.85 मीटरवर होतं. दुपारी चालत आलो असतो तर हाच आकडा वीस मिनिटांत मिळाला असता. परतताना शेतकऱ्याच्या घरी आम्हाला भाकरी आणि ठेचा वाढला होता. त्या घरी मी पुढे कितीतरी ऑक्टोबर जेवले.

त्यानंतर मूठ दाबून बघणं माझंही काम झालं. वेगवेगळ्या मातीत तीच गाडी वेगळी वागते, हे मी लिहून ठेवू लागले. आष्टी-पाटोद्याकडच्या बरड, मुरमाड माळावर पाऊस थांबल्यावर दोन तासांत जाता येतं, तिथे फोर-व्हील लागते ती फक्त ओघळी ओलांडताना. गेवराईच्या बाजूला गोदावरीच्या वाळूत टायरातली हवा कमी करायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही, आणि काहीही झालं तरी मध्ये थांबायचं नाही. काळ्या रानात मात्र हवा कमी करून काही होत नाही. तिथे एकच उपाय, थांबणं. आणि ओलं रान वरून सुकल्यासारखं दिसतं तेव्हा सर्वांत जास्त फसवतं. वर बोटभर पापडी, खाली लोणी.

धारूरच्या घाटात मला या गाडीचा आणखी एक गुण आवडायचा. उतारावर ती ब्रेकपेक्षा इंजिनावर जास्त भरवसा ठेवू द्यायची. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सोडून दिली की इंजिनच तिला मागे ओढून धरायचं. मामांचा पाय ब्रेकवर क्वचितच दिसे. त्या घाटातून रात्री, पावसात, मागे तीस-चाळीस किलो केबल आणि नमुन्यांच्या काचेच्या बाटल्या घेऊन आम्ही उतरलोय आणि एकही बाटली फुटलेली नाही. प्रवास सुखाचा मात्र कधीच नव्हता. कमानपाटे इतके ताठ की रिकाम्या गाडीत प्रत्येक दगड पाठीच्या मणक्याला कळे. पुढच्या किंगपिन झिजल्या की पन्नासच्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरायला लागे. ताशी साठच्या वर आवाजामुळे बोलणं अशक्य. तरी मी त्या आवाजात कितीतरी विचार केला आहे. दगडांचे थर कुठे बदलले, कुठली विहीर का आटली आणि शेजारचीच का नाही, हे मला कार्यालयातल्या टेबलापेक्षा त्या बाकावर जास्त सुचलं. हळू जाणाऱ्या गाडीतून रस्त्याकडेची खोदाई, नाल्याची दरड, ताज्या विहिरीचा मलमा दिसतो. मलम्याच्या ढिगात वर कुठला दगड पडला आहे यावरून खाली काय लागलं ते कळतं. वेगाने गेलं तर तो ढीग म्हणजे नुसता ढीग.

पुढे मुंबई-पुण्याकडे या जीपा हौसेने चालवणारी तरुण मंडळी मला भेटली. डोंगरात मुद्दाम चिखल शोधतात. त्यांचं गाडीवरचं प्रेम खरं आहे आणि त्यातल्या काहींना तिच्या यंत्राची माहिती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण "ही कुठेही जाते" असं ते म्हणतात तेव्हा माझं मन त्या वाक्याशी अडतं. आमची कुठेही जात नव्हती. ती बऱ्याच ठिकाणी थांबायची, आणि म्हणून जवळजवळ नेहमी परत यायची.

गाडीची वर्षं भरली तेव्हा निर्लेखनाचा प्रस्ताव गेला. हाऊसिंगला दोनदा वेल्डिंग झालेलं, चासीवर एक ठिगळ, हूड तिसरा. तिच्या जागी भाड्याने गाडी मिळणार होती, दोन चाकांवर चालणारी. त्या शेवटच्या ऑक्टोबरमध्ये मामांनी केजची ती विहीर मुद्दाम शेवटी ठेवली. शिवेवर थांबलो. या वेळी मीच माती उचलली, दाबली, बोटाने टोचली. गोळा भुरकन फुटला. वापसा आला होता. मामांनी हब लॉक केले, दांडा टू-व्हीलमध्ये ठेवला, आणि आम्ही कठड्यापाशी जाऊन उभे राहिलो. खडू, टेप, ओली रेघ. त्या वर्षी पाणी खोल होतं. पाऊस कमीच होता.

लिलावाच्या दिवशी मामा रजेवर असूनही आले. ज्यांनी जीप घेतली ते परळीकडचे एक बागायतदार होते, ऊस आणि जनावरांचा चारा वाहायला हवी म्हणून. कागदपत्रं झाली, किल्ली दिली. मामा त्यांना घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले.

"ह्यो डावा हब जरा घट्ट हाय," ते सांगत होते. "पाना लावू नका. हातानंच फिरवा. अर्धा इकडं, मग परत, मग पूर्ण. आन्‌ टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका."

त्या गृहस्थांनी हात घातला. हब फिरला नाही. मामांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.